पन्नास पावरची क्रीम आणि वसुधा मॅडम

गोंदियाच्या दवाखान्यात डॉ. वसुधा मॅडमच्या हाताखाली त्वचारोगाची डॉक्टर म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी औषध कंपनीचा एक माणूस त्यांच्यापुढे ट्यूबवर 'एसपीएफ ५०' छापलेल्या सनस्क्रीनचे गुण गात होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा आकडा किती जाड थर लावून काढला?" बिचाऱ्याचा चेहराच पडला. चहा मात्र मॅडमनी त्याला आग्रहाने पाजला.

पुरती समजल्याशिवाय कोणतीही गोष्ट पेशंटच्या गळ्यात मारायची नाही, ही त्यांची शिस्त. ती किती मोलाची, हे मला दुर्गामुळे कळलं.

दुर्गा सालेकशाकडची, घरच्या धानात राबणारी सून. तिला ल्युपस झाला होता. उन्हाने भडकणारा आणि मूत्रपिंडापर्यंत पोचणारा हा आजार. दुकानातून आणलेली तसलीच सनस्क्रीन क्रीम लावूनही चेहरा भाजल्यासारखा लाल, आणि आता लघवीच्या तपासणीतही धोका दिसू लागलेला. सोबत आलेल्या तिच्या सासूबाई, सयाबाई, कडाडल्या, "पन्नास पावरची आणली न बाई, मंग काऊन जळून राहिलं इचं तोंड?"

'पावर' हा शब्द मॅडमनी बरोबर हेरला. आपल्याकडे गोळीची पावर जास्त असली की अर्धी तोडून घेतात. तशीच या घरानं पन्नासची क्रीम जपून, बोटाच्या टोकावर घेऊन लावली होती. मला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सयाबाईंच्याच दोन बोटांवर क्रीमची लांब रेघ ओढली.

"तोंडाला आणि मानेला मिळून एवढी. दर दोन तासांनी पुन्हा. तरच तो आकडा खरा."

"मंग धान लावाले, रोवण्याले जाऊ देऊ इले?"

"नाही. घामात ती टिकत नाही. आणि प्रत्येक ट्यूब लिहिलेल्या आकड्याला उतरतेच असंही नाही. आकड्याच्या भरवशावर सून उन्हात सोडू नका."

सयाबाईंनी बोटांवरची क्रीम सुनेच्या तोंडाला लावली. मग म्हणाल्या, "रोवणा मी पाहीन."

औषधाची मर्यादा इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पूर्ण बाह्या, डोक्यावर दुपट्टा, नेमाने गोळ्या, सगळ्याची त्या फोन करून विचारपूस करत राहिल्या. दुर्गाची मूत्रपिंडं वाचली.

मॅडमना आता पंचाहत्तरावं लागलं. त्यानिमित्त त्यांच्यावर काय लिहू, असं मी सयाबाईंना विचारलं. त्या जे बोलल्या, त्याहून वेगळं मागणं माझ्याकडेही नाही.

"बाईले सांगा, तुमी माही सून जगवली. आता तुमी बी धडधाकट जगा."