पगडीचं दुसरं टोक

पगडी एकट्याला बांधता येते. पण त्याआधी सहा-सात वार कापड ताणून त्याच्या घड्या घालाव्या लागतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. आमच्या नशामुक्ती केंद्राच्या व्हरांड्यात रोज सकाळी हाच गोंधळ चालायचा. "अरे धर की रे!" "ओढ, रात्री जेवला नाहीस का?" भुक्कीनं, म्हणजे अफूच्या बोंडांच्या भुशानं, गोळ्यांनी, दारूनं पोखरलेली आम्ही माणसं, पण पगडी मनासारखी बसल्याशिवाय आरशासमोरून हलायचो नाही.

निरवैल सिंग त्या वेळी व्हरांड्यात कधी दिसायचा नाही. तो मागच्या नळावर जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायचा. केस कापलेले, डोक्याला नुसता रुमाल. मी ट्रकवाला, माझ्या जिभेला हाड नाही. "नव्या सुनेसारखा काय भांड्यांत तोंड लपवतोस?" असं मी त्याला रोज विचारायचो. तो हसायचाही नाही आणि चिडायचाही नाही. असल्या माणसाची मला भीती वाटते.

तो तरनतारनकडच्या एका गावातला. शेतावरच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. हात सोन्याचे, पण भुक्की घातलेला चहा पोटात गेल्याखेरीज ते उठायचे नाहीत. बायको वाट बघून बघून गेली. एकुलती मुलगी, नवरीत तिचं नाव, मामाकडे वाढली, नर्स झाली. तिचं लग्न ठरलं तेव्हा भेटीच्या दिवशी ती आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पापा, पल्ला मला तुमच्याच हातून हवाय. पण तोंडाला वास आला तर मी मामांना बोलावीन. भर गुरुद्वाऱ्यात. मग रडायचं नाही."

आमच्या लग्नात नवऱ्याच्या खांद्यावरच्या केशरी पल्ल्याचं टोक बाप मुलीच्या हातात देतो. त्याशिवाय फेरे होत नाहीत.

निरवैल फक्त मान हलवत राहिला. त्या दिवसापासून तो खरंच झटायला लागला. अंग मोडून निघायचं, उलट्या व्हायच्या, तरी पठ्ठ्या केंद्राच्या समुपदेशक रुपिंदर मॅडमच्या खोलीत वेळेवर हजर. मॅडमची रीत वेगळीच होती. 'काय झालं होतं ते सांगा' असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. तळपाय जमिनीला टेकवा, खिडकीतून काय दिसतंय ते सांगा, श्वास मोजू नका, नुसता सोडा. आणि कोणी 'बस' म्हटलं की तिथल्या तिथे सगळं थांबायचं. मॅडमचा एवढा एकच कायदा. मला आधी हे सगळं बालवाडीतलं वाटायचं.

घोटाळा केला आमच्या सुभेदारांनी. सुच्चा सिंग, फौजेतून निवृत्त, केंद्राचे प्रमुख. माणूस खणखणीत आणि मायाळू, पण कुणाला मान द्यायचा म्हटलं की त्यांना पगडीच आठवणार. आमच्यात दुसरं काही कुणाला आठवतही नाही. निरवैल इतका सुधारला, पोरीचं लग्न तोंडावर आलं, म्हणून त्यांनी फिकट गुलाबी रंगाची नवी कोरी पगडी आणली. सकाळची अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर सगळ्यांसमोर त्याला उभं केलं, कापडाचं एक टोक त्याच्या हातात कोंबलं, दुसरं स्वतः धरलं आणि दणदणीत आवाजात म्हणाले, "ओढ! मर्दासारखा ओढ!"

निरवैलनं ओढलं. इतकं ओढलं की सुभेदार दोन पावलं पुढे आले. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पायजमा ओला झाला. कोणीतरी फिदीफिदी हसलं. कापड टाकून तो फाटकातून पळत सुटला.

मॅडम सुभेदारांवर कडाडल्या, "विचारलं होतंत त्याला?" सुभेदार कापड गोळा करत उभे राहिले.

मी आणि मॅडम मोटारसायकलवरून त्याला शोधत निघालो. तो कुठे जाईल हे मला कळत होतं, कारण मीही तिथेच गेलो असतो. औषधाच्या दुकानाच्या मागे नव्हता. कालव्याच्या पुलाखाली नव्हता. शेवटी एका बंद पडलेल्या मोटरीच्या खोलीबाहेर कोरड्या हौदात सापडला. गुडघे पोटाशी, मूठ घट्ट आवळलेली. मुठीत गोळ्या.

मी पुढे झालो तसा मॅडमनी माझा दंड धरला. "हिसकावायचं नाही. आजवर सगळ्यांनी त्याच्याशी तेच केलंय." आणि त्या साडेपाच फुटांच्या बाई सलवार सावरत हौदात उतरून त्याच्यासमोर बसल्या. गोळ्यांकडे बघितलंही नाही. "निरवैलजी, पाय कशावर आहेत?"

तो म्हणाला, "सिमेंटवर."

"गार की गरम?"

"गार." आणि मग आपणहूनच बोलायला लागला. "रोज सकाळी बापूंच्या पगडीचं टोक मी धरायचो. बापू म्हणायचे, हात ढिला नको पुत्तर. एका संध्याकाळी ते लोक शेतावर आले. बंदुका होत्या. वर्दी होती की नव्हती, ते त्या दहशतीच्या वर्षांत कोण विचारत होतं? त्यांनी बापूंची पगडी ओढून काढली. त्याच पगडीनं बापूंचे हात मागे आवळले आणि टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, ओढ."

मॅडम म्हणाल्या, "बस म्हणायचं असेल तर म्हणा."

"नाही. ओढलं मी. मला येत होतं ना ओढायला! बापूंचा खांदा कट्कन वाजला. बापू म्हणाले, सोड पुत्तर, घरी जा. मी सोडलं नाही. मॅडमजी, ते सोड म्हणत होते आणि मी सोडलं नाही." बापूंना नेलं, ते परत आले नाहीत. आठवडाभरात निरवैलनं स्वतःच्या हातानं केस कापून टाकले. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा.

या माणसाला मी रोज नवी सून म्हणत होतो. मॅडमनी फक्त हात पुढे केला, तळवा वर करून. खूप वेळानं त्यानं मूठ त्यावर उघडली. गोळ्या घामानं विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

मग लग्नापर्यंत त्या खोलीत कापडाचाच सराव चालला. आधी पगडी नुसती खुर्चीवर. मग मांडीवर. मग एक टोक त्याच्या दोन बोटांत आणि दुसरं सुभेदारांच्या हातात. सुभेदारांनीच हट्टानं ते काम मागून घेतलं होतं. "आता मालक तू," ते म्हणाले. "तू बस म्हणालास की माझे हात खाली." निरवैलनं पहिल्या दिवशी इतक्यांदा बस म्हटलं, की सुभेदारांची कवायतच झाली. धरायला तो शिकला. पण धरलेली मूठ उघडताना दर वेळी अडकायचा. बोटं ऐकायचीच नाहीत. मॅडम म्हणाल्या, "लग्नात अडकली तर अडकू देत. थांबा. घाई कुणालाच नाही."

लग्नाला त्याच्यासोबत मला धाडलं. चोराच्या हाती किल्ल्या! गुरुद्वाऱ्याच्या दारात दोन्हीकडच्यांच्या गळाभेटी झाल्या, हार पडले. मुलीच्या बापाच्या डोक्याला नुसता रुमाल बघून बायकांची कुजबुज झाली. निरवैलनं ती ऐकली आणि त्याचे हात थरथरायला लागले.

चहाच्या वेळी त्याचा साडू गेजा सिंग त्याला गाड्यांच्या मागे घेऊन गेला. मी धावत पोचलो तेव्हा निरवैलच्या हातात स्टीलचा पेला होता. वास माझ्याही नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

"हात बघ तुझा," गेजा लाडानं म्हणत होता. "भर सभेत पल्ला पडला तर? दोन घोट घे. पोरीसाठीच सांगतोय रे. वेलची चावली की कळतं कुणाला?"

पेला ओठांपर्यंत आला होता. एक फटका मारला असता की काम झालं असतं. मी माझे दोन्ही हात पाठीमागे धरले आणि कसाबसा म्हणालो, "निरवैल, पाय कशावर आहेत?"

पेला त्यानं तसाच ओठांशी धरला.

"कशावर आहेत, सांग की!"

त्यानं खाली बघितलं. "शेणावर."

"नव्या बुटांसकट?"

"नव्या बुटांसकट." त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग तो गेजाकडे वळला, म्हणाला, "बस," आणि पेला गाडीच्या टपावर ठेवला. गेजा मला म्हणाला, "भिकारडा कुठला!" मी त्याला काय म्हणालो ते गुरुद्वाऱ्याच्या आवारात म्हणण्यासारखं नव्हतं.

आत रागी, म्हणजे कीर्तनकार, पल्ल्याचा शबद गायला लागले. निरवैल उठला. नवऱ्या मुलाच्या खांद्यावरून केशरी टोक त्यानं उचललं, नवरीतच्या मागे वाकला, आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं. इथवर सगळं झालं. पण मूठ उघडेना. कापड तिच्या हातात आणि त्याच्याही हातात, मध्ये ताणलेलं. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली. शबद संपत आला. मामा जागेवरून अर्धे उठले. रागींनी प्रसंग ओळखून तीच ओळ पुन्हा धरली. मी मनात म्हणत होतो, बस म्हण रे, बस म्हण.

नवरीतनं वळून बघितलं नाही. हौदातली गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, आम्ही कोणालाच सांगितली नव्हती. तिनं बापाच्या श्वासाचा वास घेतला असणार, कारण तिचे खांदे एकदम खाली आले. मग ती हळूच म्हणाली, "पापा, सोडा. मी धरलंय."

त्याची करंगळी उघडली. मग बाकीची. पल्ला तिच्या हातात राहिला, आणि तो तिथेच, तिच्या मागे, रिकामे हात मांडीवर घेऊन खाली बसला. पहिला फेरा सुरू झाला तरी त्याला कोणी उठवलं नाही.