कडेला कानस न लावणारे बळीरामजी

बळीरामजी ढोबळे यांची आणि आमची ओळख एका तडकलेल्या बासरीमुळे झाली. एकोणीसशे पासष्टच्या आसपासचा उन्हाळा असावा. माझे यजमान श्रीधरराव शाळेत गणित शिकवीत आणि संध्याकाळी बासरी वाजवीत. मे महिन्यातले नागपूरचे ऊन बासरीला सोसणार नाही म्हणून त्यांनी ती खिडकीत लावलेल्या वाळ्याच्या ताटीमागे टांगून ठेवली होती. ताटीवर दिवसभर पाणी मारायचे, त्यामुळे खोली गार राहायची. तरीही काही दिवसांतच बासरीला उभी चीर गेली. महाल वस्तीतल्या बळीरामजींकडे जा, असे कुणीतरी सांगितले. मीही सोबत गेले, कारण इतका गारवा मिळूनही बांबू फुटतो कसा, याचे मला नवल वाटत होते.

बळीरामजी ओसरीवर बसून भोके पाडण्याच्या सळया तापवत होते. त्यांनी बासरी हातात घेतली, एकदा नळीतून आत पाहिले आणि विचारले, "ताटीमागं टांगली होती नं?"

"हो. उन्हापासून जपावी म्हणून," यजमान म्हणाले.

"अन् वाजवाले अंगणात नेत असान."

"आत उकडतं. संध्याकाळी अंगणातच बसतो."

"मंग तिले सर्दी झाली, मास्तर!" बळीरामजी मोठ्याने हसले. "अर्धं नागपूर हेच करते. मीबी पहिल्या साली हेच केलं. चांगल्या चांगल्या फुटल्या. बाईनं साऱ्या चुलीत घातल्या."

आतून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा आवाज आला, "खोटं नका बोलू. कुठं घातल्या चुलीत? साऱ्या पलंगाखाली पडल्या हायेत. मले झाडू माराले जागा नाही."

त्या दिवशी मला समजले की बांबू उन्हाने फुटतो असे नाही, घाईने फुटतो. तो ओलावा हळूहळू घेतो आणि हळूहळूच सोडतो. ताटीमागे फुगलेली बासरी एकदम कोरड्या हवेत नेली की बाहेरचा थर आधी आखडतो आणि चीर जाते. बळीरामजींनी सांगितले ते साधेच होते. बासरी आतल्या भिंतीजवळच्या पेटीत ठेवावी, वाजवून झाली की काडीला मऊ कापड गुंडाळून आतून पुसावी आणि अधूनमधून जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवावा. आमच्या स्वयंपाकघरात जवसाचे तेल होतेच. ते बासरीलाही चालते, हे तोवर माहीत नव्हते.

पुढे आमचे महालात जाणे नेहमीचे झाले. यजमान बासऱ्या वाजवून पाहत आणि मी प्रश्न विचारी. मी एका सरकारी कचेरीत नकाशे काढते, त्यामुळे मोजमापाची सवय आहे. एकदा मी विचारले की भोकांची अंतरे ठरलेली असतात, मग एकाच मापाच्या दोन बासऱ्या वेगळ्या का वाजतात? बळीरामजींनी दोन नळ्या माझ्यापुढे ठेवल्या. "मोजा वैनी. पट्टी लावा. अन् समजलं तं मलेबी सांगा. मी बी तेच शोधून राहिलो."

मी मोजले. बाहेरून दोन्ही सारख्या होत्या, पण एकीची आतली पोकळी शेंड्याकडे किंचित निमुळती होत गेली होती. हे सांगितल्यावर त्यांना कोण आनंद झाला! आपल्याला हे माहीत होते की नव्हते, ते त्यांनी कधीच कळू दिले नाही. प्रश्न विचारणारा माणूस त्यांना मनापासून आवडतो.

आपल्या भागातला बांबू जाड सालीचा असतो आणि त्याची पेरे आखूड असतात. म्हणून बळीरामजी आसामचा बांबू व्यापाऱ्याकडून मागवीत आणि वर्षभर वाळू देत. कधी शिसवी लाकूड पोखरूनही बासरी करीत. मात्र घ्यायला आलेल्या माणसाचे हात पाहिल्याशिवाय त्यांनी कधी बासरी दिली नाही. कन्हानहून खाणीत काम करणारे एक गृहस्थ आले होते. अपघातात त्यांच्या अनामिकेचे टोक गेले होते. "या हातानं जमणार नाही" असे सांगून दोन दुकानांनी त्यांना परत पाठवले होते. बळीरामजींनी त्यांचा हात नळीवर ठेवला, बोट जिथे सहज पोचले तिथे खूण केली आणि एक भोक ओळीतून बाजूला पाडले.

"अशी वाकडी बासरी कोणी पाहिली हाये का जी?" ते गृहस्थ संकोचून म्हणाले.

"बोट आखूड झालं तं भोकानं सरकावं," बळीरामजी म्हणाले. "तुम्ही काहून लाजता? वाजवा गा."

साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर मंडळी बळीरामजींच्या प्लास्टिकच्या बासरीबद्दल नक्की लिहितील, म्हणून तिच्या जन्माची मला माहीत असलेली हकीकत सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी ते सासुरवाडीला काटोलला गेले होते. तिथे संत्र्याच्या बागेला पाणी देण्यासाठी नवा पाइप आणला होता. त्याचा एक तुकडा उचलून ते बांधावर बसले आणि फुंकू लागले. सरस्वतीबाई ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. "जावाई जेवाले आले म्हणून पाटोड्या केल्या, अन् जावाई बसले पाइप तोंडाले लावून! माहा भाऊ म्हणे, ताई, दाजीले बरं नाही का वं?"

शहरातले वादक त्या बासरीला हसले. "आता नळातून राग येतील" असे कुणी म्हणे. बळीरामजींनी वाद घातला नाही. मी मात्र विचारले, बांबूच नसेल तर सूर येतो कुठून? "वाजते ते हवा, वैनी. बांबू असो, शिसव असो का पाइप असो, तो हवेचा डबा हाये," ते म्हणाले.

हा डबा आमच्या फार उपयोगी पडला. यजमानांची फुप्फुसे अधू झाली आणि त्यांना बराच काळ रुग्णालयात राहावे लागले. बांबूच्या बासरीत ओल धरते, बुरशी येते, म्हणून डॉक्टरांनी ती आणायला मनाई केली. दुसऱ्या आठवड्यात बळीरामजी पांढऱ्या पाइपची बासरी घेऊन आले. साबणाने धुता येईल अशी ती होती. नळी बारीक घेतली होती आणि फुंकेचे भोक लहान ठेवले होते, म्हणजे कमी श्वासात वाजावी. यजमानांचा श्वास आणखी कमी झाला, तेव्हा बळीरामजी पहिलीपेक्षा आखूड अशी दुसरी घेऊन आले. त्यांनी तब्येतीची चौकशी कधी फारशी केली नाही. प्रत्येक वेळी यजमानांना बासरी फुंकायला लावून ते नुसते ऐकत बसत. शेवटच्या दिवसांत यजमानांना जो काही आनंद मिळाला, त्यात याचा वाटा मोठा होता.

दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. तेराव्यानंतर बळीरामजी घरी आले आणि बसण्याआधीच म्हणाले, "भाऊची जुनी बासरी कुठं हाये?" यजमानांना ते पुढे भाऊच म्हणू लागले होते. मला ते क्षणभर खटकले. ते कुणाच्याही घरी, अगदी लग्नघरीसुद्धा, आधी बासरी कुठे ठेवली आहे ते पाहतात, अशी त्यांची थट्टा आपण सारेच करतो. मी पेटी उघडून दिली. आजारपणाच्या काळात ती बासरी कुणी फुंकली नव्हती. एक केसासारखी चीर फुंकेच्या भोकापर्यंत आली होती.

अशा वेळी कारागीर भोकाची कड घासून ते नव्याने कोरतात. म्हणजे सूर नक्की लागतो. मला एवढेच हवे होते की ती बासरी पुन्हा वाजावी. तसे मी सांगितले.

"कड घासली तं वाजन," बळीरामजी म्हणाले. "पण मंग ती दुसरीच होईन." त्यांनी माझे बोट धरून भोकाच्या काठावर टेकवले. एका बाजूला बांबू थोडा खोलगट आणि काचेसारखा गुळगुळीत लागला. "इथं भाऊचा ओठ टेके. ही जागा मी नाही केली. त्यायनं केली."

"पण तुम्हीच म्हणाला होता, वाजते ती हवा," मी विचारले.

"हवाच वाजते. पण ती इथं येऊन फुटते."

न घासता ती वाजेल की नाही, याची खात्री त्यांनाही नव्हती. उन्हाळ्यात आवळून बांधली तर चीर दुसरीकडे जाईल, म्हणून त्यांनी थांबायला सांगितले. भाद्रपदात हवेतल्या ओलाव्याने चीर आपोआप मिटली. मग तिच्यात बांबूचा भुसा आणि सरस भरून, मेण लावलेल्या कोशाच्या रेशमी दोऱ्याने त्यांनी ती बांधली. एकेक वेढा देताना ते बासरी कानाशी नेत. कडेला त्यांनी कानस लावली नाही.

दुरुस्त केलेली प्रत्येक बासरी ते आधी स्वतः फुंकून पाहतात. या वेळी त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"ठाऊक हाये मले. पण पेटीत ठेवली तं वाळन, अन् चीर परत येईन. हिले रोज घरातल्या माणसाची फुंक पाहिजे. मी कितीक दिवस येऊ?"

मी फुंकले. नुसती हवा गेली. तेव्हापासून रविवारी मी त्यांच्या ओसरीवर जाते आणि रोज घरी थोडा वेळ फुंकते. किती आठवडे हवाच जात होती. बळीरामजी सळया तापवीत बसत आणि "ओठ वर नको, खाली टेकवा, भाऊच्या जागेवर" एवढेच सांगत. एका रविवारी ओठ त्या खोलगट जागेवर नीट बसला आणि सूर निघाला. सरस्वतीबाई हातातले काम टाकून दारात आल्या. बळीरामजींनी सळी विस्तवातून बाजूला काढून ठेवली. "चीर मिटली," ते म्हणाले.

बळीरामजी साठ वर्षांचे झाले. सगळी भोके मोकळी ठेवून निघतो तो एकच सूर मला अजून येतो. पहिल्या भोकावर बोट ठेवायला कधी सांगायचे, ते त्यांनी ठरवायचे आहे आणि त्यांना मुळीच घाई नाही. सहाही भोके झाकून खालचा सूर लागेपर्यंत, माझ्या गतीने, बरीच वर्षे जातील. तोवर आणि त्यानंतरही बळीरामजींची छाती अशीच भरदार राहो, हात असेच स्थिर राहोत आणि दर रविवारी ते मला ओसरीवर बसलेले दिसोत.