व्याह्यांचे थोर भाऊ

आमच्या व्याह्यांना बोलतं करायचं असेल तर हवामानाचा विषय काढून उपयोग नाही. कॅनडात सगळे तोच काढतात, पण व्याही त्यावर नुसतं 'हं' म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. त्यांना विचारावं, "तुमच्या त्या भाऊमंडळात आणखी कोण कोण होतं हो?" की झालं! खुर्ची पुढे ओढतात, चष्मा काढून हातात घेतात, आणि समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत थांबत नाहीत.

हे मला पहिल्याच भेटीत कळलं. लेकीने काही आठवडे आधी घरात जाहीर केलं होतं की मुलगा ठरवलाय, तो काळा आहे, आणि कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या. माझ्या आईने तेवढं विचारलं, "कॅथलिक आहे ना?" बाप्टिस्ट आहे म्हटल्यावर म्हणाली, "असू दे. जेजू तर तोच ना." आणि वाटाणे सोलायला लागली.

मग रीतीप्रमाणे मुलाकडच्यांना बोलणीसाठी घरी बोलावलं. मुलाकडचे म्हणजे मुलगा आणि त्याचे वडील. संपलं. आमच्याकडचे मात्र ब्रॅम्प्टनपासून मिसिसागापर्यंत जेवढे वसईकर आहेत तेवढे सगळे. सोफा भरला, बेसमेंटच्या जिन्यावर माणसं बसली, ड्राइव्हवेत गाड्या मावेनात म्हणून शेजाऱ्याने भुवया वर केल्या. आम्हाला कमी माणसांत काही करताच येत नाही. दात काढायलासुद्धा आमच्यातले चौघे जण सोबत जातात.

त्या गर्दीत ते दोघे बापलेक भिंतीला टेकून बसले होते. वडील उंच, केस पांढरे, सूट अगदी कडक इस्त्रीचा, आणि कोटावर एक छोटा हिरवा बिल्ला. आईने आपल्या ठेवणीतल्या इंग्लिशमध्ये सरळ विचारलं, "युवर साइड, हू हू?"

तेव्हा व्याह्यांनी चष्मा काढला.

ते मूळचे अमेरिकेच्या दक्षिणेतले. तिथे पूर्वी काळ्या मुलांसाठी वेगळी कॉलेजं होती, कारण बाकीच्या ठिकाणी त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. या कॉलेजांतल्या मुलांनी आपापली भाऊमंडळं काढली. त्याला ग्रीक अक्षरांचं नाव, ठरलेला रंग, ठरलेली आरोळी, हात मिळवायची गुप्त पद्धत. एकदा आत घेतलं की माणूस मरेपर्यंत भाऊ. कॉलेज संपलं तरी प्रत्येक मोठ्या शहरात या भावांची शाखा असते. आमचे व्याही कॉलेजात असताना अशा एका मंडळात शिरले, आणि अजून बाहेर आलेले नाहीत.

"माझे भाऊ," म्हणून त्यांनी सुरुवात केली. एक भाऊ हायकोर्टाचा न्यायाधीश. एक भाऊ हृदयाचा सर्जन, ज्याच्याकडे गोरे पेशंट मागच्या दाराने यायचे आणि नंतर पुढच्या दाराने यायला लागले. एक भाऊ महापौर. एक भाऊ पळण्याच्या शर्यतीत देशासाठी पदक घेऊन आला. एक भाऊ तर थेट अंतराळात जाऊन आला! प्रत्येकाची जन्मकथा, प्रत्येकाच्या आईने केलेले कष्ट, कुणाला कुठे बसू दिलं नाही आणि मग तोच तिथे अध्यक्ष म्हणून कसा बसला. जिन्यावरची मंडळी वर येऊन ऐकायला लागली. माझ्या नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. "अगं, यांच्यापुढे आपण काय सांगायचं? तुझ्या मामाने कॅरमची ट्रॉफी घेतली ते?"

मी हसू दाबलं. पण खरं सांगते, मला मुळीच नवल वाटलं नाही. आम्ही तरी दुसरं काय करतो? कुठे आपल्या माणसाचा बिशप झाला की वसईतलं अर्धं गाव त्याचं नातेवाईक निघतं. आमची एक काकू एका मंत्र्याला 'आमचाच' म्हणते, कारण तो लहानपणी त्यांच्या विहिरीवर पाणी प्यायला होता. तेव्हा व्याही आपल्यातलेच आहेत हे मी तिथल्या तिथे ओळखलं.

गडबड केली ती आईने. गडबड म्हणजे, तिच्या दृष्टीने तिने रीतच पाळली. आमच्याकडे सोयरिकीच्या बैठकीत ज्याचं नाव घ्याल तो माणूस लग्नात दिसला पाहिजे. नाही दिसला तर लोक वर्षभर विचारतात, 'काय हो, तुमचे ते कलेक्टर आले नाहीत?' म्हणून आमच्यातला शहाणा माणूस बोलणीत तीच नावं घेतो जी मांडवात हजर करता येतात. आईने व्याह्यांचं सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "जज्जाला पुढच्या बाकावर बसवायचं. आणि तो वर जाऊन आलेला, तो काय खातो ते विचारून ठेव. त्यांना म्हणे ट्यूबमधलं लागतं."

"आई, त्यातले अर्धे वारले असतील गं."

"मग अर्धे येतील," आई म्हणाली.

पुढचे दोन-तीन महिने आईने मला जगू दिलं नाही. व्याही आमच्याकडे रविवारी जेवायला यायला लागले होते. बोंबील पहिल्यांदा बिचकत खाल्ला, नंतर मागून खाल्ला. मी त्यांना 'व्याही' हा शब्द शिकवला आणि ते मला 'विहीन' म्हणायला लागले, तोंडात गरम बटाटा असल्यासारखं. मी त्यांची पुष्कळ चेष्टा करायची. "व्याही, आज कोणता भाऊ वाढू? जज्ज की सर्जन?" ते खो खो हसायचे. पण आईने "कमिंग ना, ऑल ब्रदर?" असं विचारलं की एकदम पाणी प्यायला लागायचे. ते माझ्या लक्षात आलं होतं.

बँक्वेट हॉल बघायला गेलो त्या दिवशी सगळं उलगडलं. मॅनेजरने विचारलं, "मुलाकडचे किती टेबल?" व्याही म्हणाले, "कळवतो." बाहेर पार्किंग लॉटमध्ये आल्यावर मी त्यांना धरलंच. लेक आणि जावई पुढे गाडीत बसले होते, आम्ही दोघंच मागे.

"व्याही, खरं सांगा. कोण कोण येणार?"

त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "माझी बहीण होती, ती गेली. बायकोकडचे जमैकात परत गेले. एक चुलतभाऊ आहे, तो व्हीलचेअरवर. कुणी नाही, विहीन. मुलाच्या मागे चर्चमध्ये मी एकटा बसणार. त्या दिवशी तुमच्या घरी एवढी माणसं बघितली आणि मला... रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटलं. म्हणून बोलत गेलो."

"आणि भाऊ? टोरोंटोत शाखा आहे म्हणाला होतात."

"आहे. पण मी तिकडे जात नाही. मुलगा लहान होता तेव्हापासून."

कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. त्यांच्यात म्हणे पद्धत आहे. शाखेत नवा माणूस आला, किंवा जुना बऱ्याच वर्षांनी परतला, की त्याने उभं राहून सांगायचं: कुठलं कॉलेज, कुठलं वर्ष, आणि तेव्हापासून आयुष्यात काय केलं. आमचे व्याही वकील व्हायचे होते. प्रेमात पडून टोरोंटोला आले, विमानतळावर सामान वाहणारे फिरते पट्टे दुरुस्त करायची नोकरी तात्पुरती म्हणून धरली, मग बायको गेली आणि पोर पदरात राहिलं. तात्पुरती नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली. "शाखेच्या भिंतीवर त्या सगळ्या थोर भावांचे फोटो असतात," ते म्हणाले. "त्यांच्याखाली उभं राहून काय सांगू? पट्टे फिरवले?"

मला इतका राग आला! त्यांचा नव्हे, त्या फोटोंचा. आणि वाईटही वाटलं, खूप वाटलं. एवढा ताठ माणूस, दर रविवारी दुसऱ्यांचं थोरपण आमच्या ताटात वाढतो, आणि स्वतः दाराबाहेर उभा.

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं, आता तरी जज्जाचा नाद सोडेल. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी अजून भावांना आवताणच दिलं नाही?"

"अगं आई, तू ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"ऐकलं. भाऊबंदांना घरी जाऊन बोलवायचं असतं. फोनवर कोण येतं? त्यांच्या घरात बाईमाणूस नाही, त्यांना कोण सांगणार? चल, आपण जाऊ."

हे भाऊ शनिवारी सकाळी स्कारबरोतल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये नाश्त्याला जमतात, हे व्याह्यांना बरोबर ठाऊक होतं. जात नव्हते, पण येणारी प्रत्येक ईमेल वाचत होते! त्या शनिवारी आम्ही त्यांना गाडीत घातलं. आई जरीची साडी नेसून, वरून विंटर जॅकेट घालून पुढच्या सीटवर. व्याही मागे, सूटमध्ये, शाळेत पहिल्या दिवशी निघाल्यासारखे. हायवेवर दोनदा म्हणाले, "पुढच्या महिन्यात गेलं तर?" आई मागे न बघता म्हणाली, "नो."

बेसमेंटमध्ये अंड्यांचा आणि सॉसेजचा वास भरला होता. हिरव्या जॅकेटातले पुरुष, काही म्हातारे, काही तरणे, कागदी प्लेटी घेऊन बसलेले. भिंतीवर ते फोटो होतेच, ओळीने. सगळ्यांनी वळून आमच्याकडे बघितलं. जरीची साडी तिथे बहुतेक पहिल्यांदाच आली असावी. एक टक्कल पडलेले गृहस्थ पुढे आले, व्याह्यांच्या कोटावरचा बिल्ला बघितला आणि हात पुढे केला. तो हात त्यांनी कसा मिळवला ते मला दिसलं नाही, दिसायचंही नसतं म्हणे. पण व्याह्यांच्या हाताला विसर पडला नव्हता.

मग त्यांना उभं केलं. त्यांनी कॉलेज सांगितलं, वर्ष सांगितलं. त्याबरोबर सगळ्या खोलीने अशी आरोळी ठोकली की आईने माझा दंड धरला. "जेजू गे! मारामारी लागली काय?"

आरोळी संपली. टक्कलवाले म्हणाले, "आणि तेव्हापासून, ब्रदर?"

व्याह्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. भिंतीकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता हे पळणार. आणि पळाले असते तर मीच गाडी आणली असती.

"विमानतळावर काम केलं," ते म्हणाले. "बायको गेली. मुलगा वाढवला." खुर्ची सोडली. "एवढंच. त्याचं लग्न आहे."

कुणी काही बोलायच्या आत आई उठली. तिला वाटलं, आवताण द्यायची वेळ झाली आणि व्याही चुकताहेत. तिने टेबलाटेबलाशी जाऊन हात जोडायला सुरुवात केली. "माय ग्रँडडॉटर वेडिंग. यू कम. फुल फॅमिली. डोंट ब्रिंग एनिथिंग." अंडी परतणारा होता त्यालासुद्धा. आणि मग तिने विचारायचं तेच विचारलं, "हू इज जज्ज?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कोपऱ्यातल्या एका जाड्या गृहस्थाने बोट वर केलं. "मी कोर्टातच आहे, मॅडम. पण पार्किंगच्या दंडाच्या खिडकीवर."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चालेल," ती मराठीतच म्हणाली.

टक्कलवाले हसत नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि व्याह्यांना विचारलं, "तारीख कोणती, ब्रदर? आणि चर्च कुठलं?" त्यांच्या शेजाऱ्याने फोन काढला. मग त्याच्या शेजाऱ्याने. व्याह्यांना तारीख पुन्हा पुन्हा सांगावी लागली.

लग्नाला थोर म्हणावा असा एकही आला नाही. आले ते बस चालवणारे, दाताचे डॉक्टर, शाळामास्तर, विमा विकणारे; बायकामुलांसकट आले. एक टोळकं मॉन्ट्रियलहून सकाळी निघून आलं, त्यांना तर व्याह्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. कुणीतरी भाऊ, त्याच्या मुलाचं लग्न, एवढ्यावर आले. हिरवे टाय, हिरव्या टोप्या, हिरवे रुमाल. आमची वसईची मंडळी नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचली आणि नवऱ्यामुलाकडची बाकं भरलेली बघून पहिल्यांदाच आयुष्यात दबून बसली. आमच्या काकूला बाजूला उभं राहावं लागलं, त्याबद्दल ती अजून बोलते.

विधी सुरू झाले. लेक देखणी दिसत होती, जावई घामाघूम झाला होता, फादर अंगठ्यांवर आशीर्वाद देत होते. मी पहिल्या बाकावर, मधल्या वाटेपलीकडे व्याही. बघते तर त्यांचं पुढे लक्षच नाही! सारखे मान वळवून मागे बघताहेत. एक बाक, दुसरं बाक, पार दारापर्यंत. पुढे बघायचे आणि पुन्हा वळायचे.

मी वाटेत वाकून कुजबुजले, "व्याही, लग्न पुढे आहे."

"माहीत आहे, विहीन," ते म्हणाले, आणि डोळे पुसून पुन्हा मागे बघायला लागले.