आबांचा उमेदवार

आबा जाऊन तीन वर्षं झाली. देवपूरच्या घरी गेले की सकाळच्या चहाला अजून चुकून एक कप जास्त ठेवते.

आबा, म्हणजे माझे वडील, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि देवपूरला राहायला आले. शेजारचे नाना शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी अमेरिकेत पक्षांचे अध्यक्षपदाचे उमेदवार ठरत होते. त्यासाठी तिकडे राज्याराज्यांत आधी मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. त्यात पक्षातल्या कुठल्याच गटाचा नसलेला एक माणूस उभा होता. सुरुवातीची दोन छोटी राज्यं त्याने जिंकली आणि आबा त्याचे झाले.

निकाल आपल्याकडे सकाळी कळायचे. नाना पेपर घेऊन ओट्यावर येत. पक्षाचे जुने लोक त्याला वर येऊच देणार नाहीत, हे त्यांचं ठाम मत. आबांचं म्हणणं, मतं लोक देतात, पुढारी नाही. मी शिरपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, म्हणून एका रविवारी निवाडा माझ्यावर आला. मी मोठ्या राज्यांचं गणित मांडलं आणि तो हरणार असं सांगून टाकलं. आबा उठून घरात गेले.

पुढे मोठी राज्यं एकामागून एक त्याच्या हातून गेली. मी फोन केला, तर आबा शांतपणे घरच्या अहिराणीत म्हणाले, "आजून दोन राज्यं बाकी शेतस."

एवढी ओढ कशाची, ते मला आईने सांगितलं. मी लहान असताना आबा कामगार संघटनेच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलविरुद्ध एकटे उभे राहिले होते आणि सपाटून पडले होते. पुढच्या रविवारी मी त्यांना विचारलं, पडणार हे माहीत नव्हतं का?

"माहीत होतं. पण कंत्राटी पोरांना संघटनेत घ्या, असं कोणी बोलतच नव्हतं. पुढच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलच्या पत्रकांत तेच छापून आलं."

मला वर्गात इतकी वर्षं शिकवलेलं सगळं थोडं अपुरं वाटलं. मी फक्त जिंकण्याची शक्यता मोजली होती.

शेवटी त्या उमेदवाराने माघार घेतली. मला वाटलं, नाना आता टोमणे मारणार. ते आले, आबांचा डावा कान टर्बाईनच्या आवाजात गेलेला, म्हणून उजव्या बाजूला बसले आणि आतल्या पानावरची छोटी बातमी त्यांनी वाचून दाखवली. स्वस्त औषधांची त्याची मागणी जिंकणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्यात घेतली होती.

"परत वाचा," आबा म्हणाले.

नानांनी परत वाचली, या वेळी सावकाश. मी दोघांना चहा दिला आणि शिरपूरची बस गाठायला निघाले.