धवळारणीचा आवाज

सातबाऱ्याच्या कामासाठी मुरबाडला वकिलाकडे गेले होते, तेव्हा अपघाताच्या भरपाईसाठी आलेली एक बाई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. एका लग्नाहून परतताना ती बसलेला टेम्पो उलटला, गळ्याला मार लागला आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. तरुणपणी माझ्या पायात काटा रुतला तरी मी अख्खी आळी गोळा करायची, इतकी नाटकी होते. ही मात्र गप्प बसून बोटांनी मांडीवर ठेका धरत होती.

ती धवळारीण होती. आमच्याकडे धवळारणीनं धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नाही.

"गाण्याचे किती मिळायचे, मावशी?" पोरगेल्या वकिलानं विचारलं.

"पैसं कशाला घेऊ रे? नारळ नि चोळीचा खण."

"मग कमाई बुडाली म्हणता येणार नाही. पण सोसलेल्या दुखण्याची, जगण्यातल्या गेलेल्या आनंदाचीही भरपाई मागता येते. तुमचं नेमकं काय गेलं, ते सांगावं लागेल."

"गळा गेला तिचा, दिसत नाय तुला?" मी मध्येच तोंड घातलं.

ती हसली आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, "आजून मांडवात बोलावतात गो, पुढं बसवतात. पोरी धवळा चुकतात. मी थांबवायला हात वर करते. त्यांना वाटतं, आशीर्वाद देते. पाया पडतात नि पुन्हा तसंच चुकीचं गातात."

वकिलाचं पेन थांबलं. "हे कोर्टाला कसं सांगू, मावशी?"

ती काहीतरी बोलली. आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.