राखून ठेवलेला डाव

परशराम मास्तरला राग यायला कारण लागत नसे. चेंडूत हवा कमी भरली की राग, पोरं उशिरा आली की राग, आणि वेळेवर आली तर "एवढं खेळाचं याड, मग अभ्यास कवा करता रं?" म्हणून राग. पण ज्या रागानं त्याला आतून जाळलं, त्याला कारण होतं आणि ते चांगलंच भक्कम होतं.

तो बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. बापाची भातशेती होती, पण पोराचं सगळं लक्ष तालमीत. नागोजी वस्तादाच्या हाताखाली तयार होऊन त्यानं आसपासच्या जत्रांतल्या कुस्त्या मारल्या. गुडघा दुखावला तेव्हा बेळगावात एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून चिकटला. हेडमास्तरांनी त्याला शारीरिक शिक्षण घ्यायला मद्रासला धाडलं. तिथं त्यानं बास्केटबॉल पाहिला आणि पार खुळा होऊन परतला. पस्तीस सालाच्या आसपास बेळगावात नवं कॉलेज निघालं. हा खेळ शिकवणारा दुसरा कुणी मिळेना, म्हणून मॅट्रिकही न झालेला हा पैलवान कॉलेजचा कोच झाला. पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना प्रिन्सिपॉल दर वेळी म्हणत, "सध्यापुरते हे आहेत." त्या एका शब्दावर मास्तर वर्षानुवर्षं धुमसत राहिला.

मैदानही त्यानंच केलं. तालमीच्या सवयीनं आधी लाल माती चाळून, ताक-तेल घालून मऊसूत केली. चेंडू आपटला, तर तो तिथंच बसला. पोरं खदखदा हसली. मास्तरनं शिव्या देत सगळी माती उपसली आणि खळ्यासारखी जमीन चोपून शेणानं सारवून घेतली.

टिळकवाडीतल्या एका वकिलाचा मुलगा हरिभाऊ त्याच्या संघाचा कप्तान होता, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हुशार. मास्तरनं त्याला हातचं सगळं दिलं, एक डाव सोडून. उंच गडी टोपलीकडं पाठ करून चेंडू घेऊन खांबासारखा उभा राहतो. दोघं त्याला घासून दोन बाजूंनी पळतात. तो चेंडू कुणाला देणार की स्वतःच वळून टाकणार, समोरच्याला कळत नाही. हा डाव मास्तरनं मद्रासला शिकला आणि पोटात ठेवला. नागोजीनं तालमीत बजावलं होतं, "परशा, पोराला समदं द्यायचं न्हाय. येक डाव राखायचा. न्हायतर त्योच उद्या तुला चीत करतोय." आणि इथं चीत व्हायची भीती खरीच होती. हरिभाऊ बी. ए. होत आला होता आणि प्रिन्सिपॉल त्याला मद्रासला पाठवायचं बोलू लागले होते. पोरांना सगळंच आलं, तर सध्यापुरत्या माणसाला कोण ठेवून घेणार?

धारवाडला कॉलेजांच्या स्पर्धेतला शेवटचा सामना होता. बेळगाव एका गुणानं पुढं. वेळ संपत आली आणि समोरच्यांनी नेमका तोच डाव टाकला. बेळगावची पोरं बावचळली, पळणाऱ्यांच्या मागं धावत सुटली. मास्तरला राहवलं नाही.

"खांबाला सोडू नकासा! म्होरनं धरा त्येला, म्होरनं!"

बाहेरून शिकवायला तेव्हा नियमानं बंदी होती. पंचानं शिट्टी फुंकली, समोरच्यांना फुकटची टोपली मारायला मिळाली आणि बरोबरी झाली. मग पुन्हा तोच डाव, आणि सामना गेला.

मैदानाबाहेर हरिभाऊ आडवा आला.

"मास्तर, तुम्हाला हा डाव येत होता."

मास्तरनं त्याला बाजूला सारून पुढं जायला बघितलं, पण हरिभाऊ हलला नाही.

"कुस्तीत शिष्य उद्या समोर उभा राहतो. आम्ही तर तुमच्याच बाजूनं खेळत होतो. मग डाव राखलात कुणापासून?"

मास्तरनं खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. हरिभाऊनं गालाला हातसुद्धा लावला नाही, नुसता बघत राहिला. ते बघणंच मास्तरला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी तो येळ्ळूरला नागोजीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "आप्पा, मला न दिलेला डाव दावा."

म्हातारा खूश झाला. भिंतीला धरून उठला, हात पुढं केला, पाय टाकला आणि थांबला. पुन्हा पाय टाकला. मग मटकन खाली बसला.

"पाय कुठला म्होरं टाकायचा, ध्येनातच येईना रं."

"मग ठेवलासा कुणासाठी?" मास्तर गरजला. "सरणावर न्यायला?"

वस्तादावर असं आजवर कुणी ओरडलं नव्हतं. नागोजी लहान पोरासारखा रडू लागला. मास्तरला त्याची चीड आली, स्वतःची त्याहून जास्त आली, आणि घोटभर पाणीही न पिता तो बेळगावची वाट तुडवत परतला.

त्यानंतर त्यानं पोरांकडून तो डाव दमछाक होईस्तोवर घोटून घेतला, तोंडानं अखंड शिव्या चालूच. भीती काही खोटी नव्हती. हरिभाऊ मद्रासहून शिकून आला आणि कॉलेजनं त्याला मास्तरच्या जागी नेमलं. "तुम्ही मदतनीस म्हणून राहा," प्रिन्सिपॉल म्हणाले. मास्तरनं त्यांच्या टेबलावर शिट्टी आदळली आणि निपाणीच्या एका शाळेत ड्रिल मास्तरची जागा धरली. जिथून चढायला लागला होता, तिथंच पुन्हा.

निघायच्या दिवशी हरिभाऊ पाया पडायला वाकला. मास्तरनं त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं.

"तुला समदं दिलंय," तो दात खात म्हणाला. "आता तू पोरांपास्नं कायबी राखलंस असं कानावर आलं, तर निपाणीस्नं येऊन तंगडं मोडीन."