धुरपदाबाईच्या बारा गोधड्या

असोद्यात पोरीचं लग्न ठरलं की बापाने आधी भटजी गाठायचा, मग आचारी आणि मग उखर्डूनाना. नानाचं काम एकच. बैलगाडी जुंपून घरोघरच्या गोधड्या मागून आणायच्या, वऱ्हाड निजवायचं आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत करायची. गोधडीला चिठ्ठी नाही, खूण नाही, तरी तीस वर्षांत एक अदलाबदल झाली नाही. नाना डोळे मिटून टाक्यांवरून हात फिरवायचा.

"ही लताबाईची. टाके लांब पडले म्हंजे सासू शेजारी बसून बोलत व्हती."

पुना पाटलाच्या गोधडीत खताच्या पोत्याचं अस्तर होतं. तिच्यात निजलेला माणूस कूस बदलली की करकर वाजायचा. मानपानावरून फुगलेल्या पाहुण्याला नाना नेमकी तीच द्यायचा. या कामाचे त्याने कधी पैसे घेतले नाहीत. पहिल्या पंगतीत पाट आणि पोट फुटेस्तोवर वरण-बट्टी, एवढाच त्याचा हक्क.

वैशाखात हे सोपं असतं. माणसं गच्चीवर धोतर पांघरून निजतात. पण सत्त्याऐंशी साली जीवरामभाऊच्या पोरीचं लग्न मार्गशीर्षात निघालं. नवरदेव फौजेत, सुट्टी तेव्हाच. थंडी अशी की केळीची पानं पिवळी पडलेली. त्यात त्याच तिथीला गावात आणखी दोन लग्नं. नानाने सात फेऱ्या मारल्या, गोळा झाल्या त्रेपन्न. भडगावहून यष्टी भरून येणार होते पासष्ट.

कमी पडलेल्या बारा गोधड्या गावात एकाच घरी होत्या, धुरपदाबाईच्या माचावर. धुरपदाबाई म्हणजे नवरीच्या आईची, बेबाबाईची, थोरली जाऊ. दोन घरांमध्ये भिंत एकच. पण आठ वर्षांमागे बेबाबाईच्या बकरीने धुरपदाबाईच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, तेव्हापासून त्या भिंतीला कानही उरले नव्हते.

"जिनं माह्या बकरीले शिव्या देल्या, तिच्यासमोर मी पदर पसरू?" बेबाबाई म्हणाली. "वऱ्हाड कुडकुडलं तरी चालंन."

चालणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. विहीण इंदिराबाईने साखरपुड्यात चहा कोमट म्हणून कप परत केला होता. वऱ्हाड गारठलं असतं तर "असोद्यावाल्यांनी थंडीत मारलं" हे पोरीने जन्मभर सासरी ऐकलं असतं.

नाना धुरपदाबाईच्या ओसरीवर जाऊन तंबाखू चोळत बसला.

"गोधड्या मागायले नही आलो बरं वैनी. उगा बसलो."

"काबर नही मागत? बठ्ठ्या गावाच्या मागतू ना?"

"बेबावैनीची ताकीद आहे. म्हने, अक्काच्या आनू नको. ढेकनं आहेत त्याच्यात."

"ढेकनं? माह्या गोधडीत?"

घटकाभरात बाराच्या बारा गोधड्या अंगणात उन्हात पडल्या. धुरपदाबाईने त्या काठीने अशा बडवल्या की ढेकूण काय, आतला दोरासुद्धा शुद्धीवर राहिला नसेल. मग तिने स्वतःच गाडीत भरल्या.

"ने. आन तिच्या विहिनीलेच दे. सकायी येऊन इचारते मी चार मानसांत!"

हे शेवटचं वाक्य नानाने मनावर घेतलं नाही. तीस वर्षांतली त्याची ही पहिली चूक.

बेबाबाईला त्याने सांगितलं, "अक्कानं आपनहून धाडल्या."  कोणी बघत नाही असं पाहून एका गोधडीवरून तिने हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड मांडवाबाहेर चहा घेत उन्हाला बसलेलं. मुहूर्त अकराचा. धुरपदाबाई नवं लुगडं नेसून आली ती थेट इंदिराबाईपुढे.

"काय विहीनबाई, रातले ढेकनं चावले का?"

इंदिराबाईचा कप ओठाशी थांबला. "ढेकूण? नही व माय. माले तं अशी निंद लागनी…" आणि बोलता बोलता तिचा हात मानेकडे गेला. तिने खाजवलं.

खाज बघून खाज येते. आधी तिची बहीण, मग दोन चुलते, मग पोरंटोरं. चहाचा दुसरा कप येईस्तोवर अख्खं भडगाव खाजवत होतं. नवरदेव फौजी गडी, तो ताठ उभा राहून मांडवाच्या खांबाला पाठ घासत होता.

"आठे ढेकूण शेतस रे!" कोणीतरी ओरडलं. 

बेबाबाई कणकेच्या हातांनी धावत आली. "कोन म्हने ढेकनं?"

"तूच! नानाजोळ सांगलं ना तू?"

"मी? मले तं नाना म्हने, अक्कानं आपनहून धाडल्या!"

आठ वर्षांत पहिल्यांदा दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोघींनी गाडीकडे पाहिलं. नाना गाडीखाली वाकून चाकाचं वंगण फार लक्ष देऊन तपासत होता.

पण आधी वऱ्हाड. बेबाबाईने इंदिराबाईची गोधडी उचलून फडकावली. "माह्या जावेच्या हातची आहे ही! असा टाका अख्ख्या असोद्यात नही. एक ढेकून काढून दाखवा, आमी दोघी जावा गियून टाकू!"

ढेकूण गिळायचं धुरपदाबाईचं काही ठरलं नव्हतं. तरी तिने मान डोलावली. "आन हे पिल्लू ज्यानं सोडलं, त्याले आना इकडे."

नानाला मांडवाच्या तोंडाशी बसवलं आणि बाराही गोधड्या एकावर एक त्याच्या अंगावर रचल्या. फक्त नाक बाहेर.

"बस. असतीन तं पयले तुलेच चावतीन," धुरपदाबाई म्हणाली.

वऱ्हाड भोवती जमलं. नानाला ढेकूण चावतो का, हे बघता बघता लोक स्वतःचं खाजवणं विसरले. ऊन चढलं, नाना घामाने निथळला. अक्षता पडल्या त्या अर्ध्या नवराबायकोवर, अर्ध्या नानाच्या टाळक्यावर. पहिल्या पंगतीत त्याचा पाट रिकामा. दोघी जावा पाळीपाळीने तुपातली बट्टी त्याच्या नाकाशी आणायच्या आणि परत न्यायच्या. आठ वर्षांनी दोघींनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

संध्याकाळी यष्टीत चढताना इंदिराबाईने एक गोधडी काखेत मारली. "हाई मी घर लई जास. ढेकूण शे का नही, नीट पाही लेस."

नानाने अकरा परत केल्या. धुरपदाबाईने पुन्हा मोजल्या.

"बारावी?"

"भडगावले गेली. तपासनीले."

"मंग जाय. घेऊन ये."

संक्रांत झाल्यावर नाना खरंच भडगावला गेला. इंदिराबाई अंगणात तीच गोधडी पांघरून उन्हाला बसली होती. दाराआड जीवरामभाऊची पोर तोंडावर पदर धरून हसत होती. नानाला चहा मिळाला. कोमट होता. त्याने कप परत केला नाही.

"गोधडी न्यायले आलतो," तो म्हणाला.

"आजून तपास चालू शे," इंदिराबाई म्हणाली आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.